रकाना आणि मथळा

इ. स. १८९१ च्या मे महिन्यात अलाहाबादच्या 'पायोनियर' या इंग्रजी दैनिकात एक विधान छापून आले. गांजा हा अफूपेक्षाही घातक आहे आणि हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरून गेली आहेत, असा त्याचा आशय होता. 'पायोनियर' हे त्या काळी साधेसुधे पत्र नव्हते. उत्तर हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते असावयाचेच. रुडयार्ड किपलिंग दोनच वर्षांपूर्वी त्याच्या कचेरीतून बाहेर पडला होता. आणि सरकारच्या पोटात काय आहे हे जाणून घ्यावयाचे तर याच पत्राचे अंक चाळावेत, अशी त्याची ख्याती होती. साहजिकच अलाहाबादेत जुळविलेल्या त्या खिळ्यांचा आवाज लंडनपर्यंत गेला. जुलै महिन्यात मार्क स्ट्युअर्ट या सभासदाने पार्लमेंटात त्याच विधानाचा हवाला देऊन भारतमंत्र्यांच्या खात्यास प्रश्न केला. वर्तमानपत्रातले एक वाक्य दोन महिन्यांत साम्राज्याच्या दप्तरात शिरले.

आपल्यापैकी ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे फायलींच्या सहवासात गेली आहेत, त्यांना हा प्रवास अपरिचित वाटणार नाही. वृत्तपत्रात आले म्हणून सभागृहात प्रश्न, प्रश्न आला म्हणून खात्याचा खुलासा, आणि खुलासा निघाला म्हणून पुन्हा वृत्तपत्रात बातमी, हे रहाटगाडगे कोणी पाहिलेले नाही? परंतु गांजाच्या बाबतीत हे रहाटगाडगे तीन खंडांवरून फिरले आणि त्यात लाखो माणसांचे दैव भरडले गेले. शिवाय त्याची पहिली फेरी आपल्याच देशात झाली, आणि ती उलट दिशेने तपासून पाहण्याचे धैर्यही येथल्याच काही अधिकाऱ्यांनी दाखविले. तो इतिहास आज फारसा कोणास ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

'पायोनियर'ने ते विधान काही हवेतून काढले नव्हते. वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल सरकार दरसाल प्रसिद्ध करीत असे. त्यांत रोग्याच्या वेडाचे कारण नोंदविण्याचा एक रकाना होता, आणि विशेषतः बंगालच्या अहवालांत त्या रकान्यात 'गांजा' हा शब्द वारंवार येई. दारूबंदीच्या चळवळीतील मंडळींना हा आयता दारूगोळाच होता. विल्यम स्प्रॉस्टन केन हे त्यांचे अग्रणी. गृहस्थ सज्जन होते. काँग्रेसच्या लंडनमधील ब्रिटिश समितीचे ते सभासद होते आणि हिंदुस्थानविषयी त्यांना खरा जिव्हाळा होता. अबकारीच्या उत्पन्नासाठी सरकार प्रजेला व्यसनी करीत आहे, हा त्यांचा आरोप आणि त्यात पुष्कळ तथ्यही होते. २ मार्च १८९३ रोजी त्यांनी कॉमन्स सभेत बंगालमधील गांजाच्या लागवडीविषयी आणि व्यापाराविषयी चौकशीची मागणी केली. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनी ती मान्य केली आणि चौकशीचे क्षेत्र बंगालपुरते न राहता साऱ्या हिंदुस्थानापर्यंत वाढले.

जुलै १८९३ मध्ये नेमलेल्या या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चे अध्यक्ष होते पंजाबचे फायनान्शियल कमिशनर मॅकवर्थ यंग. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, मध्यप्रांतातील छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन, आणि तीन हिंदी गृहस्थ होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. ऑगस्टपासून या मंडळींनी कामास आरंभ केला. प्रांतोप्रांती हिंडून त्यांनी ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. त्यांत सिव्हिल सर्जन होते, मामलेदार होते, मिशनरी होते, वैद्य-हकीम होते, गांजा पिकविणारे होते आणि ओढणारेही होते. बंगालात राजशाहीकडील नवगाव, मध्यप्रांतात निमाडातील खांडवा आणि मुंबई इलाख्यात आपला नगर जिल्हा, असा तेव्हाचा गांजाचा नकाशा होता.

या साऱ्या खटाटोपाचा गाभा म्हणजे अहवालातील वेडासंबंधीचे प्रकरण. सरकारी गद्यात इतके रोमांचकारी पान मी क्वचितच वाचले आहे. कमिशनने विचारले ते अगदी साधे होते: रोग्याच्या नावापुढे 'कारण : गांजा' असे जे लिहिले आहे, ते लिहिले कोणी आणि कशाच्या आधाराने?

उत्तर शोधता शोधता एक एक पायरी खाली उतरावी लागली. इस्पितळाच्या नोंदवहीत कारकुनाने ते लिहिले होते. कारकुनाने ते रोग्याबरोबर आलेल्या वर्णनपत्रकावरून उतरून घेतले होते. वर्णनपत्रक मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून आले होते, आणि मॅजिस्ट्रेटला माहिती पुरविली होती पोलिसांनी. पोलिसांना ती कोठून मिळाली? पुष्कळदा रोगी म्हणजे रस्त्यावर सापडलेला, नाव-गाव सांगू न शकणारा भटक्या. त्याचे नातेवाईक माहीत नाहीत, पूर्वायुष्य माहीत नाही. परंतु पत्रकातील रकाना तर रिकामा ठेवता येत नाही! मग गोसावी-बैराग्यासारखा दिसतो, चिलीम ओढीत असेल, लिहा गांजा. नातेवाईक हजर असले तरी पोलिसांचा पहिला प्रश्न 'गांजा ओढत होता का' हाच. आणि 'कधीमधी ओढी' एवढे उत्तर आले की कारण निश्चित झाले. पोराच्या मृत्यूचे दुःख, घराण्यातले वेड, फेपरे, उपासमार, ताप यांना रकान्यात शिरण्यास सवड राहिली नाही. वास्तविक वेड लागल्यानंतरच चिलमीकडे वळलेले रोगीही असणार. पण कार्य कोणते आणि कारण कोणते, हे फौजदाराने ठरवावयाचे तरी कसे?

ज्यांनी हा खोटा दुवा ओळखावयाचा ते इस्पितळांचे सुपरिंटेंडेंट बहुधा जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन असत. वेड्यांचे इस्पितळ हा त्यांचा जादा कार्यभार. मानसरोगाचे खास शिक्षण त्यांपैकी फार थोड्यांना मिळालेले. पूर्वीच्या साहेबाने गांजा लिहिला, म्हणून नव्या साहेबानेही लिहिला. कमिशनपुढे उलटतपासणी झाली तेव्हा आपण पोलिसांचे लिखाण तसेच स्वीकारीत आलो आहोत, हे त्यांपैकी अनेकांना कबूल करावे लागले. म्हणजे ज्या आकड्यांना वैद्यकशास्त्राचे आकडे म्हणून लंडनपर्यंत मान मिळाला होता, ते वस्तुतः पोलीस ठाण्यातले तर्क होते. वर्षअखेरीस त्यांची बेरीज झाली, बेरजेचे शेकडेवारीत रूपांतर झाले, शेकडेवारीचा मथळा झाला. आणि तो मथळा वाचून सुजाण झालेले अधिकारी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रकान्यात तोच शब्द लिहू लागले.

कमिशन येथेच थांबले नाही. १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या १३४४ रोग्यांची प्रकरणे त्यांनी हाती घेतली. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लागलेले होते. त्या प्रत्येकाच्या गावी चौकशी करविली; नातेवाइकांना, शेजाऱ्यांना विचारविले. चाळणीतून ९८ प्रकरणे उरली, आणि त्यांतही केवळ या पदार्थांकडे बोट दाखविता येईल अशी ६१. बाकी ३७ मध्ये दुसरीही कारणे मिसळलेली होती. निम्म्याहून अधिक नोंदी गळून पडल्या. खून-मारामाऱ्यांची तीच गत. गांजाच्या धुंदीत अमुक गावी अमक्याने माणसे कापली, अशा कथा साक्षीदारांनी पुष्कळ सांगितल्या. पण खटल्यांचे कागद मागवून पाहिले तेव्हा बहुतेक कथांना कागदात आधार सापडेना.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे, कारण आजच्या गांजाच्या कैवाऱ्यांना ती विसरणे सोयीचे वाटते. ९८ म्हणजे शून्य नव्हे. माफक सेवनाने सर्वसाधारण माणसाचे म्हणण्यासारखे नुकसान होत नाही, परंतु अतिरेकाने शरीराला आणि मनाला अपाय होतो, आणि ज्याच्या ठायी मुळातच दुर्बलता आहे त्याचा तोल त्याने ढळू शकतो, असा कमिशनचा निर्वाळा होता. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही. होळी, महादेवाची पूजा, बंगालातील त्रिनाथाची पूजा यांत भांग-गांजाचे स्थान आहे. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा त्याहून वाईट विषाकडे वळतील. म्हणून लागवड मर्यादित करावी, परवाने द्यावेत, कर वाढवावा, अशी शिफारस झाली. हा निष्कर्ष अबकारी खात्याला गैरसोयीचा नव्हता, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. तीन हिंदी सभासदांपैकी राजा शशिशेखरेश्वर आणि लाला निहालचंद या दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, त्या उगीच नव्हेत. पण शिफारस कोणाच्या सोयीची, आणि पुरावा किती चोख, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुराव्याच्या चोखपणात या सात खंडांच्या अहवालाला पुढील अर्धशतकात तोड निघाली नाही.

आणि वृत्तपत्रांनी त्याचे काय केले? जवळजवळ काहीच केले नाही. त्याच सुमारास अफूच्या रॉयल कमिशनचे पडघम वाजत होते. त्या गदारोळात गांजाचा अहवाल कोणाच्या कानी गेला नाही. इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, ही एका ओळीची बातमी. ती का भरलेली नाहीत, हे सांगण्यास एक प्रकरण लागते. मथळा मिळतो तो ओळीला.

आपल्या बोलीकडे पाहिले तर या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. मराठीत 'तुळशीत भांग' म्हणजे कुळाला लागलेला डाग, आणि 'भांगेत तुळस' म्हणजे उकिरड्यावर उगवलेले रत्न. भांगेविषयीचा तुच्छभाव आपल्याकडे वर्तमानपत्रांनी निर्माण केला असे म्हणता येणार नाही. तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. परंतु तो भाव व्यसनी माणसाविषयीच्या नापसंतीचा आहे, भीतीचा नव्हे. गावच्या देवळामागे चिलीम ओढीत बसलेला गांजेकस निकामी आहे, असे आजी म्हणे. तो कुऱ्हाड घेऊन धावत येईल असे तिला वाटत नसे. ती भीती छापखान्यातून आली, आणि तिचे खरे माहेर अमेरिका. तेथे जाण्याआधी मात्र वाटेत कैरोला थांबावे लागते.

हिंदुस्थानचे कमिशन आपले काम आटोपून मोकळे झाले, आणि १८९५ मध्ये डॉ. जॉन वॉर्नॉक हे इंग्रज गृहस्थ कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. अरबी त्यांना येत नव्हते. तेथल्या नोंदवहीतही कारणाचा रकाना होता, आणि तेथे 'गांजा'च्या जागी 'हशीश' हा शब्द बसला. १९०३ मध्ये त्यांनी हशीश आणि वेड या विषयावर एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि तो प्रमाण मानला गेला. १९२४-२५ मध्ये जिनिव्हास अफूविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा ईजिप्तचे प्रतिनिधी एल गिंदी यांनी, आमच्या देशातील वेडापैकी तीस ते साठ टक्के वेड हशीशमुळे येते, असे सांगून सभा हलवून सोडली. शेकडा तीस आणि शेकडा साठ यांत केवढे अंतर आहे, हे कोणी विचारले नाही! १९२५ च्या करारनाम्यात अफू-कोकेनच्या पंक्तीस गांजाही बसला. हिंदुस्थानातील चौकशीचे खंड छापून तेव्हा तीस वर्षे झाली होती. त्या निर्णयावर त्यांची छाया कोठेही दिसत नाही.

अमेरिकेत गांजा अनोळखी नव्हता. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये त्याचे औषधी गुण पाश्चात्त्य वैद्यांना समजावून दिल्यापासून त्याचा अर्क तेथील औषधांच्या दुकानांत मिळत असे. (हेच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारे म्हणून नावारूपाला आले. औषध आणि बातमी धावण्याची तार ही एकाच हातची देणी ठरावीत, हा योगायोग मोठा चमत्कारिक खरा.) औषधाच्या बाटलीवर 'कॅनाबिस' असे लिहिलेले असे आणि त्या शब्दाला कोणी भीत नव्हते. १९१० च्या राज्यक्रांतीनंतर मेक्सिकोतून मजूर मोठ्या संख्येने उत्तरेकडे आले, आणि त्यांच्याबरोबर दुसरा एक शब्द आला: 'मारिहुआना'. मेक्सिकोतील वृत्तपत्रांनीच त्या शब्दाला वेडाची आणि रक्तपाताची जोड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देऊन ठेवली होती, आणि १९२० मध्ये त्या देशाने बंदीही घातली होती. अमेरिकन पत्रांनी तो माल तसाच उचलला. १९२७ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या गंभीर पत्राने मेक्सिकोतील एक विधवा आणि तिची चार मुले ही वनस्पती खाऊन वेडी झाल्याची बातमी छापली. हर्स्ट यांच्या मालकीच्या पत्रांनी तर हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. हर्स्ट यांनी आपल्या कागदाच्या धंद्यासाठी हे कारस्थान रचले, अशी एक कथा आज सर्वत्र सांगितली जाते; तिला पुरावा तुटपुंजा आहे. ज्या वृत्तीने गांजाच्या भयकथा पसरल्या त्याच वृत्तीने ही कथाही पसरली, एवढेच म्हणावे.

१९३३ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडातील टँपा शहरी एका तरुणाने आपले आईबाप, दोन भाऊ आणि बहीण यांना कुऱ्हाडीने ठार केले. तो मारिहुआना ओढीत असे, अशी बातमी आली, आणि दोन-चार दिवसांतच शहराच्या पोलीस प्रमुखाने त्या वनस्पतीविरुद्ध युद्ध पुकारले. वस्तुस्थिती अशी होती की, या मुलाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असा प्रयत्न पोलिसांनी वर्षभर आधीच केला होता; आम्ही घरी सांभाळू, असे सांगून आईबापांनी तो थांबविला होता. डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा तीव्र स्वरूपाच्या मनोविकाराचे निदान झाले, आणि घराण्यात वेडाचा इतिहास निघाला. त्यांच्या अहवालात मारिहुआनाला कारण म्हणून स्थान नाही. पण हा अहवाल वाचतो कोण? राजशाहीच्या पोलिसाने रकाना भरला होता. टँपाच्या बातमीदाराने मथळा भरला. फरक एवढाच की रकान्यातील नोंद गावात पोचायला वर्ष लागत असे. मथळा दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या राष्ट्राच्या न्याहारीला हजर झाला.

हॅरी ॲन्स्लिंगर हे १९३० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मादकद्रव्य खात्याचे पहिले प्रमुख. आरंभी त्यांना या वनस्पतीत रस नव्हता. खेड्यापाड्यांत उगवणाऱ्या झुडपामागे धावण्यास मनुष्यबळ आणायचे कोठून, ही त्यांची अडचण कोणाही खातेप्रमुखाला पटेल. पुढे वारे पालटले आणि तेही पालटले. खात्यात त्यांनी वर्तमानपत्रांतील भीषण गुन्ह्यांच्या कात्रणांची एक फाइल जमविली, आणि त्याच फाइलमधील मजकूर ते पत्रकारांना पुरवू लागले. वृत्तपत्रातून फाइलीत आणि फाइलीतून वृत्तपत्रात! जुलै १९३७ च्या 'अमेरिकन मॅगझिन'मध्ये त्यांनी एका पत्रकाराच्या साहाय्याने 'ॲसॅसिन ऑफ यूथ' हा लेख लिहिला. टँपाचे हत्याकांड त्यात होतेच. 'टेल युवर चिल्ड्रन' या नावाने निघालेला आणि पुढे 'रीफर मॅडनेस' म्हणून गाजलेला चित्रपट त्याच सुमाराचा.

१९३७ च्या वसंतात प्रतिनिधिसभेच्या समितीपुढे बंदीसारखाच भारी कर लावणारे विधेयक आले. तेथे एक माणूस आडवा आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे विधिविषयक सल्लागार डॉ. विल्यम वुडवर्ड हे स्वतः वैद्य होते आणि कायदेपंडितही. त्यांनी विचारले ते तेच, जे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मॅकवर्थ यंग यांनी विचारले होते. मारिहुआनामुळे गुन्हे होतात असे वर्तमानपत्रे म्हणतात. मग तुरुंगखात्याचे आकडे कोठे आहेत? शाळकरी मुले ओढतात म्हणता. मग शिक्षणखात्याला आणि बालकल्याण खात्याला साक्षीस का बोलावले नाही? आणि विधेयकातील 'मारिहुआना' म्हणजे आपल्या औषधांतील 'कॅनाबिस'च, हे वैद्यांना अगदी परवापरवापर्यंत कळले नव्हते, अशी त्यांनी तक्रार केली. एका शब्दाने दुसरा शब्द कसा झाकला गेला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. समितीने त्यांचे ऐकून घेण्याऐवजी त्यांनाच फैलावर घेतले. जूनमध्ये विधेयक सभागृहात आले तेव्हा हे आहे तरी काय, असा प्रश्न एका सभासदाने केला. बहुमत पक्षाचे नेते सॅम रेबर्न यांनी, आपल्याला नेमके माहीत नाही, मारिहुआना म्हणून काहीतरी आहे, मादक पदार्थ असावा, अशा अर्थाचे उत्तर दिले. वैद्यकीय संघटनेचा पाठिंबा आहे असेही सांगण्यात आले. २ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून कायदा अमलात आला.

न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी तेथील वैद्यक अकादमीकडून चौकशी करविली. १९४४ मध्ये अहवाल निघाला. शहरात मारिहुआनाच्या भयंकर परिणामांविषयी जो डांगोरा पिटला गेला तो निराधार आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मला या निष्कर्षाचे महत्त्व विशेष वाटते. कारण त्याने दोष वनस्पतीकडून प्रसिद्धीकडे सरकविला. ॲन्स्लिंगर संतापले, पण विचलित झाले नाहीत. १९३७ मध्ये मारिहुआना ओढणारा पुढे हेरॉईनकडे वळतो का, असे समितीने विचारले तेव्हा त्यांनी नाही म्हटले होते. १९५० नंतर खुनाची गोष्ट जुनी झाली, तेव्हा मारिहुआना ही हेरॉईनची पहिली पायरी, असे त्यांनीच सांगावयास सुरुवात केली, आणि वृत्तपत्रांनी तेही तितक्याच तत्परतेने छापले.

१९६९ मध्ये गॅलप संस्थेने अमेरिकनांना प्रथम विचारले, तेव्हा गांजा कायदेशीर करावा म्हणणारे शेकडा १२ निघाले. २०१३ मध्ये हा आकडा ५८ झाला आणि २०२३ मध्ये ७०. वनस्पती तीच होती. किंबहुना निवडक वाणांमुळे तिची मादकता पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलेली होती. बदलली ती गोष्ट. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सी.एन.एन. वाहिनीवर डॉ. संजय गुप्ता यांनी आपले जुने मत बदलल्याचे जाहीर करून एक माहितीपट दाखविला. कोलोरॅडोतील एका चिमुरड्या मुलीला आठवड्यात शेकडो वेळा फेपऱ्याचे झटके येत, आणि गांजाच्या विशिष्ट अर्काने ते बहुतांशी थांबले, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या पिढीच्या आजोबांनी कुऱ्हाडीची बातमी वाचली होती, तिने पाळण्याची बातमी पाहिली. दुसरी बातमी पहिलीपेक्षा पुष्कळ खरी होती, यात शंका नाही. २०१८ मध्ये त्या अर्कातील शुद्ध द्रव्याला दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारांवर सरकारी मान्यताही मिळाली. पण लोकमताने तिचा अर्थ केवढा फुगविला! दोन दुर्मीळ व्याधींवरील गुण साऱ्या वनस्पतीच्या खात्यावर जमा झाला. निद्रानाशापासून कर्करोगापर्यंत सर्वांवर उतारा म्हणून तिचा पुकारा सुरू झाला. तीव्र गांजाच्या दैनंदिन सेवनाचा, विशेषतः कोवळ्या वयातील सेवनाचा, मनोविकाराशी संबंध आहे, असे अलीकडचे संशोधन सांगते, तेव्हा ऐकणारा म्हणतो: ही तर जुनीच थाप! माफक आणि अतिरेकी यांतील जो भेद कमिशनने घासूनपुसून मांडला होता, तो भीतीच्या मथळ्यात मावला नाही आणि कौतुकाच्या मथळ्यातही मावत नाही.

आपल्याकडे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा झाला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसते पान त्यात येत नाही. म्हणून काशीस किंवा जैसलमेरास नेमणूक झालेल्या मराठी माणसाला भांगेच्या दुकानावर सरकारी परवान्याची पाटी दिसते, आणि त्याच झाडाच्या फुलासाठी माणूस तुरुंगात गेल्याची बातमी त्याच दिवशीच्या पत्रात दिसते. या भेदावर साधकबाधक चर्चा होण्याचा एक प्रसंग २०२० मध्ये आला होता. जूनमध्ये मुंबईस एका लोकप्रिय चित्रपट अभिनेत्याचा मृत्यू झाला, आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी त्याचे रूपांतर प्रथम खुनाच्या आणि मग गांजाच्या कथेत केले. लोकांचे खाजगी निरोप रात्रीच्या रात्री मोठ्याने वाचले गेले. त्याच्या निकटच्या एका अभिनेत्रीला तुरुंगात जावे लागले. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन देताना, ती अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या साखळीतील नाही, असे म्हटले. त्याच सुमारास दिल्लीच्या एम्समधील वैद्यांनी खुनाची शक्यता नाकारली होती. १८ जानेवारी २०२१ रोजी त्याच न्यायालयाने अशा वार्तांकनाला आवर घालणारा सविस्तर निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला, तेव्हा वाहिन्यांवर दुसऱ्याच कोणत्या तरी घटनेची रणधुमाळी चालू होती. या साऱ्या महिन्यांत पान आणि फूल यांतील भेद कायद्यात का आहे, हे वाहिन्यांवर सांगताना माझ्या तरी ऐकण्यात कोणी आला नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कमिशनच्या अहवालाचा मुख्य खंड १९६९ मध्ये अमेरिकेत, मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे, पुन्हा छापला गेला. विद्यापीठांतील मुलेमुली तेव्हा उघडपणे गांजा ओढू लागली होती आणि कायद्याचा फेरविचार करणाऱ्या पंडितांना विश्वासार्ह पुरावा हवा होता. पाऊणशे वर्षांपूर्वी बैलगाडीतून आणि आगगाडीतून हिंडलेल्या सात सभासदांनी तो गोळा करून ठेवला होता. पुस्तक नव्या वेष्टनात बाजारात आले. मात्र मूळ नावाने अमेरिकन वाचक ते हातात घेईल, असा भरवसा प्रकाशकाला वाटला नसावा. 'रिपोर्ट ऑफ द इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' या अक्षरांच्या आधी त्याने वर्तमानपत्रांनी रूढ केलेला तो एक शब्द छापला: 'मारिहुआना'.